आवळ तोंडाची बंदूक

"यंदा माझ्या जागी जावईबापू नेम धरतील," असं अण्णांनी नेमबाजी मंडळाच्या भरल्या सभेत जाहीर केलं, तेव्हा जावईबापू मागच्या रांगेत बसून चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट तिथेच विरघळून कपाच्या तळाशी गेलं आणि जावईबापूंचा जीव त्याच्या मागोमाग गेला. सगळ्या माना मागे वळल्या. कुणीतरी टाळी वाजवली. बाकीच्यांनी वाजवली नाही, कारण त्यांनाही धक्का बसला होता.

जावईबापू हे नाव सासुरवाडीचं. एरवी त्यांना सगळं जग हरकतराव म्हणायचं. ते विम्याच्या कचेरीत दावे तपासायचे. कुणाची गाडी ठोकली, कुणाचं दुकान जळलं, कुणी गच्चीवरून पडलं, की तो अर्ज फिरत फिरत यांच्या टेबलावर यायचा आणि हरकतराव त्यात हरकत काढायचे. एका माणसाचं छप्पर वादळात उडालं होतं. पॉलिसीत 'पत्रा' लिहिलं होतं आणि अर्जात 'छप्पर', एवढ्यावर हरकतरावांनी तो दावा परत पाठवला होता. कचेरीत त्यांचा दरारा होता. घरी मात्र कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की ते आधीच उठून बाहेरच्या खोलीत जायचे. आता अशा माणसानं बंदूक चालवायची, म्हणजे मुंगीनं मेरू उचलायचा.

अण्णा म्हणजे त्यांचे सासरे. जंगल खात्यातून निवृत्त, ताठ कणा, कमी बोलणं. या माणसानं जावयाला कधी वाईट म्हटलं नव्हतं, हे खरं. पण चांगलंही म्हटलं नव्हतं. हरकतरावांना बढती मिळाली तेव्हा अण्णा म्हणाले, "बरं." हरकतरावांनी घर घेतलं तेव्हा अण्णा खोल्या बघून म्हणाले, "बरं." अण्णांच्या ऑपरेशनच्या वेळी हरकतराव दवाखान्यातल्या बाकड्यावर पाय पोटाशी घेऊन झोपले, मान आखडली, ती महिनाभर सरळ होईना, तेव्हा अण्णा शुद्धीवर येऊन त्यांच्याकडे बघून म्हणाले, "बरं." माणसाला आयुष्यात फार काही नको असतं हो. हरकतरावांना सासऱ्याच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'शाब्बास' ऐकायचं होतं.

आणि इकडे अण्णांचंही अडलं होतं. मंडळाचा नियम असा की, संस्थापक सभासदाच्या बंदुकीतून दरवर्षी वार्षिक दिवशी एक तरी बार निघाला पाहिजे. स्वतः काढावा, नाहीतर घरच्या माणसानं काढावा. नाही निघाला, तर भिंतीवरच्या मानाच्या फळीवरून नाव उतरतं. संस्थापकांपैकी आता अण्णाच उरले होते, आणि मंडळाच्या अध्यक्षांना ती फळी नव्यानं रंगवून घ्यायची भारी हौस होती. या अध्यक्षांना सगळे कर्नल म्हणत. तो हुद्दा त्यांना मिशांमुळे मिळाला होता. धंद्यानं ते चपलांचे दुकानदार होते.

"अण्णा, तुम्ही स्वतः का नाही?" हरकतरावांनी परतताना गाडीत विचारलं.

"हात कापतो," अण्णा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

हरकतरावांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. शेवटी ती अण्णांची सख्खी लेक. "माझ्याकडे बघू नका," ती गाडी चालवता चालवता म्हणाली. "मला तो आवाज लहानपणापासून सोसत नाही. आणि तुम्ही घरात मला रोज सांगता ना, की पुरुषमाणूस असा असावा, तसा असावा. मग आता व्हा तसे."

सराव सुरू झाला, मंडळाच्या बंदुकीवर. पहिल्या बाराला हरकतरावांनी डोळे मिटले. दुसऱ्या बाराला उघडे ठेवले, पण श्वास घ्यायचा विसरले. दस्त्यानं खांद्यावर असा दणका दिला की कचेरीत दोन दिवस ते डाव्या हातानं हरकती काढत होते. "डोळे मिटून कुणाचं ध्यान करताय?" कर्नलांनी मागून विचारलं. हरकतरावांनी पुढचं काडतूस भरलं. काही अपमान गिळायचे असतात, त्यानं प्रकृती सुधारते. आणि खरंच सुधारली. हळूहळू छर्रे कागदाच्या आसपास जायला लागले, मग कागदावर जायला लागले. अण्णा मागे खुर्चीत बसून कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "बरं."

पण वार्षिक दिवसाचा बार छर्र्यांचा नसतो, स्लगचा असतो. आता स्लग म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी हरकतरावांना हसू नये, त्यांनाही नव्हतं. साध्या काडतुसात भाताच्या दाण्यांसारखे बारीक छर्रे असतात, ते सुटले की पसरतात. स्लगच्या काडतुसात अंगठ्याएवढी एकच एक शिशाची गोळी असते. आणि अण्णांच्या एकनळी बंदुकीच्या तोंडात आटे पाडलेले होते, त्यात चार बोटं लांबीचं पोलादी नळकांडं पिळून बसवायचं असायचं. त्याला चोक म्हणतात. चोक आवळ असला की नळीचं तोंड बारीक होतं आणि छर्रे घोळक्यानं लांब जातात. मोकळा असला की जवळच पसरतात. अशी पाच नळकांडी होती. बाहेरून पाचही सख्खी भावंडं. फरक आतल्या तोंडात, तोही लग्नपत्रिकेच्या कागदाच्या जाडीएवढा. ओळखायची खूण म्हणजे कडेवर कोरलेल्या खाचा. एकावर एक खाच, दुसऱ्यावर दोन, असं पाचापर्यंत.

अण्णांनी ती डबी हरकतरावांच्या हातात ठेवली. "स्लगला यातला कुठला लावायचा, ते तुम्ही ठरवा."

"मी? अण्णा, तुम्हीच सांगा ना. तुमची बंदूक आहे."

"बंदूक धरणाऱ्याला एवढं कळलं पाहिजे," अण्णा म्हणाले.

ही परीक्षा आहे, हे हरकतरावांनी लगेच ओळखलं. परीक्षा म्हटलं की या माणसाच्या अंगात निराळंच वारं शिरायचं. शाळेत कधी पहिला नंबर आला नव्हता, तो आता काढायचा असं त्यांनी मनात ठरवलं आणि डबी घेऊन ते घरी आले.

घरी आले ते जिन्यातच अडकले. खालच्या मजल्यावर पाइपवाले काका राहतात. त्यांनी जन्मभर इमारतींचे नळ बसवले. निवृत्त झाल्यापासून ते जिन्यात उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघतात. त्यांनी डबी उघडायला लावली, एक चोक बाहेर काढला, त्याच्या आट्यांवरून नख फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. बरेच दिवसांनी त्यांना त्यांच्या जातीची वस्तू भेटली होती.

"आटे छान आहेत," काका म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. आट्याची वस्तू कधी पुरती आवळायची नाही. शेवटापर्यंत न्यायची आणि अर्धा वेढा मागे. नाहीतर ती जाम होते, मग करवतीशिवाय निघत नाही. माझं सगळं आयुष्य त्या अर्ध्या वेढ्यावर गेलं."

तेवढ्यात वरून प्राध्यापक उतरले. ते भौतिकशास्त्र शिकवतात, आणि समोरचा विद्यार्थी नसला तरी शिकवतात. "अहो, सोपं आहे," ते म्हणाले. "बागेत पाणी घालताना नळीचं तोंड बोटानं दाबता ना? मग पाणी लांब जातं. तुम्हाला गोळी लांब न्यायची आहे. म्हणजे सगळ्यात आवळ चोक."

"गोळी म्हणजे पाणी नाही," काका म्हणाले.

"गतीला सगळे सारखे."

"मग तुमच्या घरचा गिझर गेल्या वर्षी का फुटला?"

यापुढचा वाद गिझरचा होता आणि तो संध्याकाळपर्यंत चालला. तोवर तिसऱ्या मजल्यावरचा स्कूटरवाला येऊन सांगून गेला, की चोक सकाळी थंडीत ओढायचा आणि गाडी गरम झाली की आत ढकलायचा. हरकतराव त्याचेही आभार मानून सुटले.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, हरकतराव लोकांच्या सल्ल्यावर विसंबणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते थेट बंदुकीच्या दुकानात गेले. दुकानदार काउंटरमागे बसून नळ्या पुसत होता. "स्लगला मोकळं तोंड," तो मान वर न करता म्हणाला. "छर्र्याला आवळ चालतं. स्लग अखंड शिसं, ते आवळ तोंडातून रेटलं तर नळीचे हाल होतात. सगळ्यात मोकळा लावा आणि घरी जा."

हरकतरावांना एवढा आनंद झाला की त्यांनी घरी जायचं तेवढं ऐकलं. डबीतला सगळ्यात मोकळा कुठला, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, दोघंही रापलेली, रुंद खांद्यांची, आणि आपल्याला खाचा मोजता येत नाहीत असा त्यांचा ग्रह व्हावा, हे हरकतरावांना पटेना. एक खाच, दोन खाच. त्यात विचारायचं काय?

मग आला परवान्याचा दिवस. सासऱ्याची बंदूक जावयानं मैदानावर, सासऱ्याच्या समक्ष चालवायची, याला परवाना कचेरीची लेखी मुभा लागते. ती खरं म्हणजे पाच मिनिटांची गोष्ट. कारकुनानं शिक्का उचलला होता, हवेत धरला होता, आणि त्या क्षणी हरकतरावांच्या अंगातला सचोटीचा किडा वळवळला. दुसऱ्यांच्या अर्जात काय राहिलं हे शोधण्यात ज्याची उमर गेली, त्याला स्वतःच्या अर्जात काही राहिलेलं कसं चालावं? त्यांनी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. "हेही नोंदवून घ्या," ते म्हणाले.

शिक्का खाली आला तो कागदावर नाही, टेबलावर.

"काय आहे हे?" कारकुनानं विचारलं.

"चोक. बंदुकीच्या नळीच्या तोंडात बसतात."

"म्हणजे नळ्याच."

"नळ्या नव्हेत. नळकांडी."

"फरक काय?"

हरकतरावांनी एक चोक उचलून उलटसुलट पाहिला. फरक त्यांनाही सांगता येईना.

"तुमच्या सासऱ्यांचा परवाना एकनळीचा आहे," कारकून शांतपणे म्हणाला. "एक ती आणि पाच या. सहानळी बंदुकीचा परवाना या कचेरीतून मिळत नाही. माझ्या माहितीत कुठूनच मिळत नाही."

हरकतराव जागच्या जागी थिजले. सहानळीमुळे नव्हे. तो आवाज, ते थंड डोळे, ते 'माझ्या माहितीत', हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. ते रोज तसंच बोलायचे. टेबलाच्या या बाजूनं ते कसं ऐकू येतं, हे त्यांना आयुष्यात प्रथम कळलं, आणि छप्पर उडालेला तो माणूस एकदम त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

प्रकरण आतल्या साहेबांकडे गेलं. साहेबांनी एक चोक डोळ्याला लावला आणि त्यातून हरकतरावांकडे बराच वेळ पाहिलं. "यातून गोळी सुटते का?" त्यांनी विचारलं.

"सुटत नाही, साहेब. सुटलेली गोळी यातून बाहेर पडते."

"म्हणजे हे दार आहे."

"दार म्हणा."

"दाराला परवाना लागत नाही," साहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच हुशारीनं त्यांना क्षणभर गहिवरून आलं. पण खात्री करायला डबी ठेवून घ्यावी लागेल, असंही ते म्हणाले. डबी तिथे राहिली. हरकतराव रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्या कचेरीच्या बाकावर बसायचे. एक दिवस त्यांना उत्तर मिळालं की साहेब रजेवर आहेत, दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली रजेवर आहे. शेवटी वार्षिक दिवसाच्या आदल्या संध्याकाळी डबी हातात पडली. कागदावर लिहिलं होतं, 'बंदुकीचे तोंडास लावावयाचे झाकण, नग पाच.' तोंडाला झाकण लावून बंदूक मारायची, हे वाचून हरकतराव हबकले. पण शिक्का उमटलेला होता, आणि उमटलेल्या शिक्क्याशी वाद घालू नये हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बायकोनं जेवणं आटोपल्यावर डबी पाहिली. "यातला कुठला?" तिनं विचारलं.

हरकतरावांनी एक खाचेचा उचलून दिव्यासमोर धरला. इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढे जे झालं ते याच क्षणी झालं. त्यांच्या कचेरीत नुकसानीच्या पाच श्रेणी होत्या. पहिली म्हणजे किरकोळ, पोचा पडला, रंग गेला. पाचवी म्हणजे सगळं संपलं, राख उचला. एवढी वर्षं रोज हेच. एक म्हणजे थोडं आणि पाच म्हणजे भयंकर, हे त्यांच्या रक्तात भिनलं होतं. तेव्हा एक खाच म्हणजे तोंड थोडंसं आवळलेलं आणि पाच खाचा म्हणजे पार गळा दाबलेला, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका आली नाही.

आता चोक बनवणाऱ्यांची रीत नेमकी उलटी आहे. एक खाच सगळ्यात आवळ, पाच खाचा सगळ्यात मोकळा. असं का, ते बनवणाऱ्यांना विचारा.

"हा," हरकतराव म्हणाले. "सगळ्यात मोकळा."

"नक्की ना? दुकानदाराला दाखवलात?"

"अगं, खाचा मोजायला दुकानदार कशाला हवा?"

मंडळाचं मैदान गावाबाहेर एका उंचवट्यावर होतं. सकाळी बायकोनं गाडी खाली लावली, अण्णांचा हात धरून त्यांना वर आणून सोडलं आणि आवाज नको म्हणून ती परत गाडीत जाऊन बसली. अण्णांनी इस्त्रीचा कोट घातला होता. मानाच्या फळीखाली त्यांची खुर्ची होती, तिथे ते ताठ बसले. कर्नल हातात रंगाऱ्याचा नमुना घेऊन फिरत होते, त्यात तीन छटा होत्या, आणि तिन्हींत अण्णांचं नाव नव्हतं.

हरकतरावांचा नंबर आला. त्यांनी डबी उघडली, एक खाचेचा चोक घेतला आणि नळीच्या तोंडात फिरवायला लागले. आटे सरळ लागले. शेवटापर्यंत गेले. मग त्यांना पाइपवाल्या काकांचं आयुष्य आठवलं आणि त्यांनी अर्धा वेढा मागे घेतला. मनातल्या मनात काकांचे आभारही मानले. स्लगचं काडतूस आत सरकवलं, बंदूक खांद्याला लावली, डोळे उघडे ठेवले, श्वास घेतला. समोर कागदावर काळा ठिपका होता. सगळं आठवत होतं, सगळं जमत होतं, आणि आयुष्यात प्रथमच आपण घाबरलेलो नाही, या शोधानं ते इतके खूश झाले की घोडा कधी दाबला ते त्यांनाच कळलं नाही.

आवाज झाला तो बंदुकीचा नव्हता. म्हणजे बंदुकीचा होता, पण त्यात आणखी एक आवाज मिसळला होता, पत्र्याचं पिंप फुटावं तसा.

हरकतरावांनी बंदूक खाली घेतली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नळीचं तोंड सोललेल्या केळ्यासारखं उलगडलं होतं. पोलादाच्या चार पाकळ्या चार दिशांना. चोक जागेवर नव्हता. तो शेजारच्या निशाणाच्या लाकडी चौकटीत जाऊन रुतला होता, आणि ते निशाण कर्नलांचं होतं. स्लग कुठे गेला ते देव जाणे, मागच्या मातीच्या बांधात असेल. कुणाला खरचटलंही नव्हतं. पण सगळे मैदानावर आ वासून उभे होते. कर्नलांच्या हातून रंगाचा नमुना गळून पडला. हरकतरावांना वाटलं, आपणच नळीसारखे फाटलो असतो तर बरं झालं असतं. ही बंदूक अण्णांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. रोज पुसलेली, कधी कुणाच्या हातात न दिलेली, ती पहिल्यांदा दिली ती या हातांत.

"काय झालं? सगळे गप्प का?" अण्णांनी खुर्चीतून विचारलं.

सांगायची कुणाची छाती होईना.

"आणा इकडे."

हरकतराव चालत गेले. त्यांनी बंदूक अण्णांच्या दोन्ही हातांत दिली. अण्णांनी सवयीनं ती उघडली, रिकामं काडतूस काढून खिशात टाकलं, दस्त्यावरून तळहात फिरवला, बंदूक उचलून धरली आणि नळीच्या टोकाकडे निरखून पाहिलं. तिथेच, त्या चार पाकळ्यांकडे. बराच वेळ पाहिलं.

"शाब्बास," अण्णा म्हणाले.

हरकतरावांना वाटलं आपले कान गेले.

"कुठे ओरखडा नाही," अण्णा म्हणाले. "आवाज जरा निराळा आला, म्हणून धास्तावलो होतो. पण बंदूक चांगली सांभाळलीत, जावईबापू. शाब्बास."

हे टोचून बोलणं असेल, असं एक क्षण हरकतरावांना वाटलं. पण अण्णा टोचून बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, खरंखुरं, लहान मुलासारखं. ते नळीच्या फाटक्या तोंडाकडे थेट बघत होते आणि तिथे त्यांना काहीही दिसत नव्हतं. बंदूक फुटली तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का त्यांना आता बसला. अण्णांना दिसत नाही. हात कापतो म्हणाले ते खोटं. चोक निवडायला दिले ती परीक्षा नव्हतीच. सांगितलं असतं, तर 'हाच ना, बघा' म्हणून चोक त्यांच्यासमोर धरला गेला असता, आणि अण्णांना त्या खाचा दिसत नव्हत्या. आपण मात्र पहिला नंबर काढायला निघालो होतो.

कर्नल जवळ येत होते. त्यांचं तोंड उघडलेलं होतं आणि आता त्यातून शब्द बाहेर पडणार होते.

जे एक अक्षर ऐकायला हरकतराव एवढी वर्षं झुरले, ते त्यांच्या पदरात पडलं होतं. काही न बोलता ते घरी नेता आलं असतं. बंदूक पिशवीत, पिशवी कपाटात, आणि अण्णांना आयुष्यभर कळलं नसतं. मोह झाला नाही असं नाही. चांगला गळ्यापर्यंत आला. पण त्या माणसाला चारचौघांनी हसावं आणि का हसताहेत ते त्याला दिसू नये, हे हरकतरावांच्यानं बघवलं नसतं. ते कर्नलांकडे पाठ करून दोघांच्या मध्ये उभे राहिले. त्यांनी अण्णांचा उजवा हात धरला आणि त्याची बोटं हळूच नळीच्या तोंडावर नेऊन ठेवली.

"अण्णा, माफ करा," ते अगदी हळू म्हणाले.

अण्णांची बोटं एका पाकळीवरून गेली, दुसरीवरून गेली आणि थांबली. चेहऱ्यावरचं समाधान उतरलं. जखम बंदुकीला झालेली, पण अण्णा स्वतःचंच हाड चाचपत असल्यासारखे चाचपत होते. मग तेही तितक्याच हळू म्हणाले, "तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता."

"आणि तिला?"

"नाही."

"जिकडे बघावं, नेमकं तेवढंच दिसेनासं होतं हो," अण्णा म्हणाले. "कडेचं राहतं. त्याच्यावर भागवतो." त्यांनी बंदूक मांडीवर ठेवली. "मला वाटलं, विम्याचा माणूस आहे, दहा जणांना विचारून करील."

"विचारलं अण्णा. दहा जणांना विचारलं."

"तेच भोवलं."

तोवर कर्नल हरकतरावांच्या खांद्यावरून डोकावले. "अण्णा, तुमच्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे, पण नळी..."

"दिसतंय मला," अण्णा गरजले. सगळं मैदान दचकलं. "फाटलीय ती. आंधळा आहे का मी?" आणि मग ते जावयाकडे वळले. "कुठला लावलात? एक खाचेचा? एक खाच म्हणजे सगळ्यात आवळ, एवढं कळू नये तुम्हाला? आणि पिळलात तरी पुरता?"

"अर्धा वेढा मागे घेतला," हरकतराव म्हणाले.

"का?"

"पाइप जाम होऊ नये म्हणून."

कर्नलांनी खाली पडलेला रंगाचा नमुना उचलला. "मग आता फळीचं काय करायचं?" ते म्हणाले. "बंदूकच राहिली नाही, तर नाव कसं..."

इथे हरकतरावांच्या अंगात त्यांचं टेबल संचारलं. "नियमात काय लिहिलंय?" त्यांनी थंड आवाजात विचारलं. "बार निघाला पाहिजे. निघाला. बार निघाल्यावर बंदूक शाबूत राहिली पाहिजे, असं कुठे लिहिलंय? माझ्या माहितीत कुठेच नाही. तुमच्या चौकटीत रुतलाय तो त्याचा पुरावा, तो काढू नका." कर्नलांनी चौकटीकडे पाहिलं, मिशीवर हात ठेवला आणि नमुना घडी करून खिशात घातला.

अण्णा उठले. खाली उतरायला दगडी पायऱ्या होत्या, झिजलेल्या, कमीजास्त उंचीच्या. अण्णांनी हरकतरावांचा दंड पकडला. लांबून बघणाऱ्याला वाटावं की आता दोन ठेवून देणार.

"अक्कल म्हणून काही आहे का तुम्हाला?" अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाले. "एवढी पुस्तकं वाचता..."

"पायरी," हरकतराव कुजबुजले.

"...एवढे अर्ज तपासता, आणि हातातली वस्तू कळत नाही? माझ्या नोकरीत असा माणूस असता तर..."

"उंच आहे ही. हं."

"...तर उभा आडवा केला असता मी. खाचा मोजतात म्हणे. बोटं तरी मोजता येतात का?"

वर सगळे सभासद कठड्याशी उभे राहून बघत होते. सासरा चारचौघांत जावयाला फरफटत नेतोय आणि जावई मान खाली घालून मुकाट चाललाय, हे बघून त्यांचे चेहरे पडले होते. कुणी हळहळलं. दंडावरची अण्णांची पकड घट्ट होती. एका पायरीवर अण्णांचा तोल गेला, तेव्हा त्यांचा आवाज दुप्पट चढला.

आरडाओरडा ऐकून बायको गाडीतून उतरून धावत आली. वडिलांचा तो अवतार आणि नवऱ्याची ती खाली गेलेली मान बघून तिला धक्काच बसला. "अण्णा, हे काय?" ती म्हणाली. "जावयाला असं बोलतात का? लोक बघताहेत."

अण्णा गप्प झाले आणि जागीच उभे राहिले. पुढे पाय टाकायला त्यांना सुचेना.

"बोलू दे गं त्यांना," हरकतराव म्हणाले. "गाडी अजून लांब आहे."